इनॉक गिटिन्सचं फ्रीव्हील

इनॉक गिटिन्सने आयुष्यात सगळ्यात जास्त राग कशाचा केला असेल तर तो दारूचा, आणि त्याखालोखाल सायकलच्या फ्रीव्हीलचा. दारू निदान जुनी होती. तिच्याशी भांडायला बायबलात हवा तेवढा आधार होता. फ्रीव्हील वेल्सच्या सीमेवरच्या आमच्या पेनिवुडमध्ये आलं ते १८९९ साली, त्यामुळे त्याच्याविरुद्धची वचनं इनॉकला स्वतःच खणून काढावी लागली. पुढे म्हातारपणी तो हे आपण होऊन सांगायचा. "मुंगीला सहा पाय असतात आणि त्यातला एकही ती उचलून ठेवत नाही, असं मी नऊ चॅपलांत ठणकावून सांगितलं. लोकांनी मला हाणलं नाही, हा त्यांचा मोठेपणा."

त्याआधीची सायकल म्हणजे मागचं चाक आणि पायडल यांची जन्मगाठ. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर पाय. चढावर पाय मारावे लागायचेच, पण उतारावरही सुटका नसायची. तिथे पाय नुसते गरगरायचे. वेग कमी करायचा तर पायडल मागे रेटून धरायचं. शहाणी माणसं उतार आला की पाय उचलून पुढच्या चिमट्यावरच्या खुंट्यांवर ठेवायची आणि पायडलला खाली काय गोंधळ घालायचा तो घालू द्यायची. इनॉकने त्या खुंट्या कापून टाकल्या होत्या. पुढच्या चाकावरचा ब्रेकही काढून मेहुण्याच्या भंगारात टाकला होता. देवाने दोन पाय दिलेत, त्यांनीच पुढे जायचं आणि त्यांनीच थांबायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

आणि अशा जगात ती मागच्या चाकातली टिकटिक करणारी चकती आली. पाय थांबले तरी चाक आपलं चालूच! आमच्या टेकड्यांतल्या माणसांना सायकल घेणं सगळ्यांनाच जमलं नाही, पण शब्द फुकट होता, तो सगळ्यांनी घेतला. कुणी फाटकाला टेकून पाइप ओढताना दिसला की येणारा जाणारा विचारायचा, "काय, फ्रीव्हील वाटतं?" अंडी द्यायची बंद झालेली कोंबडी फ्रीव्हीलवर असायची. आत्याची इस्टेट मिळाल्यापासून मोठ्या चर्चचे पाद्री फ्रीव्हीलवर होते. मिसेस क्लीटनचा नवरा गेला तेव्हा ती डोळे पुसत म्हणाली, "शेवटचे दोन दिवस बिचारा नुसता फ्रीव्हीलवर होता हो," आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. शब्दात थोडी टिंगल होती आणि बराच हेवा होता. राबणारी माणसं दुसऱ्याच्या आरामाबद्दल ज्या सुरात बोलतात, तोच हा सूर.

इनॉकच्या तोंडी मात्र ती शिवी होती. "पाय न हलवता जो पुढे जातो तो पुढे जात नाही, तो खाली जातो!" हे त्याच्या 'फ्रीव्हील' नावाच्या प्रवचनातलं वाक्य. ते प्रवचन सव्वा तासाचं होतं. हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येऊन जायचं आणि मग उरलेला एक तास दहा मिनिटं ते पुन्हा पुन्हा येत राहायचं. इनॉक धंद्याने खोगीर शिवणारा. त्याच्या खोगिरात लोकर ठासून भरलेली असे, त्यासाठी लांबून गिऱ्हाईक यायचं. प्रवचनातही आपण खोगीरभरतीच करत होतो, हा विनोद त्याचाच, फक्त सुचायला त्याला बावन्न वर्षं लागली.

आमच्या चॅपलवाल्यांत, म्हणजे मोठ्या चर्चपासून वेगळ्या झालेल्या आमच्या पंथात, पगारी पाद्री एकच, आणि चॅपलं नऊ. बाकी रविवार गावचेच लोक निभावायचे. कोणी सुतार, कोणी शेतकरी, कोणी इनॉक. दर तीन महिन्यांनी छापील पत्रक निघायचं: कुणी, कुठल्या रविवारी, कुठल्या चॅपलात बोलायचं. इनॉकचं नाव त्यात सातव्या नंबरावर. पत्रक आलं की तो ते चौकटीत घालून दुकानात, गिऱ्हाइकाचं तोंड जिकडे असेल त्या भिंतीवर लावायचा. ते नाव गेलं तर आपण म्हणजे एक दाभण, एक सुई आणि एक बायको एवढंच उरतो, असं त्याला मनापासून वाटायचं. बायकोचं नाव केझाया. हा हिशेब त्याने तिला कधी सांगितला नव्हता, पण तिला तो ठाऊक असावा.

मग गुडघे गेले. पन्नाशी उलटल्यावर गुडघ्यांनी कुरकुरायला सुरुवात केली, आणि स्नेडहोपच्या वाटेवर तर ते बोंबच मारायला लागले. स्नेडहोप नऊ मैलांवर, मध्ये कोल्डयेटचा डोंगर. एका रविवारी इनॉक तिथे वीस मिनिटं उशिरा पोचला, पुढच्या खेपेला पस्तीस. महिनाभराने पगारी पाद्री, रेव्हरंड ऑर्म, दुकानात आले. टोपी हातातच धरून म्हणाले, "ब्रदर गिटिन्स, स्नेडहोपकडून पत्र आलंय. जूनच्या सभेत तुमच्या नावाचा विचार करावा लागेल. त्यांचं म्हणणं असं आहे की..."

"कळलं!" इनॉक म्हणाला. "सगळं कळलं मला." आणि त्याने उशिराची कारणं सांगायला घेतली. गुडघे, डोंगर, वारा, वाटेतली मेंढरं, मेंढरांचे मालक, मालकांची श्रद्धा. अर्ध्या तासाने रेव्हरंड ऑर्मनी घड्याळ पाहिलं, एकदा तोंड उघडलं, मिटलं आणि टोपी घालून ते निघून गेले. इनॉकला वाटलं, पटलं त्यांना.

पटलं असो वा नसो, मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी त्याला पुन्हा स्नेडहोप होतं. तिसऱ्यांदा उशीर झाला की नाव कटलंच. चालत गेला तर पोचणार नाही, आणि होती त्या सायकलने गुडघे पोचू देणार नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी तो सायकल ढकलत सायलसच्या भट्टीवर गेला. सायलस म्हणजे केझायाचा भाऊ, गावचा लोहार. आता सायकलींचंही काम करायचा.

"सायलस," इनॉक इकडेतिकडे बघत म्हणाला, "ते तुझ्याकडे... ते... चाकातलं..."

"काय?"

"ते टिकटिक करतं ते."

सायलसने हातातला हातोडा खाली ठेवला. "घड्याळ?"

"माझा अंत बघू नकोस."

"नाव घे की. नऊ चॅपलांत घेतलंस, इथे घ्यायला काय जिभेला फोड आलाय?"

"फ्रीव्हील," इनॉक पुटपुटला.

सायलस इतका हसला की बाहेर बांधलेलं घोडं बिचकलं. मग डोळे पुसून म्हणाला, "लावतो. शेवटी बहिणीचा नवरा आहेस. पण मग पुढे ब्रेकही लावावा लागेल."

"ब्रेक नको. ब्रेक लांबून दिसतो. लोक विचारतील, काल नव्हता, आज कशाला? हे मागच्या चाकात लपून राहील."

"अरे, मग थांबणार कसा?"

"आजवर थांबलो तसाच. वीस वर्षं पायडल मागे रेटून थांबतोय, मला शिकवतोस?"

"तेच सांगतोय तुला! याच्यात पायडल मागे..."

"सायलस, तू तुझं लोखंड बघ. सायकल कशी चालवायची ते मला कळतं." आणि इनॉकने पुढचा पाव तास त्याला सायकल कशी चालवायची ते सांगितलं. सायलसने दोनदा मध्ये बोलून पाहिलं. मग पालथ्या घड्यावर पाणी म्हणून सोडून दिलं आणि चाक बसवलं. त्यानेही थोडी जास्त चिकाटी दाखवायला हवी होती, हे तो नंतर कबूल करायचा. पण कबूल करताना हसायचा.

रविवारी इनॉक निघाला तो लवकरच. काळा कोट, कडक कॉलर, आतल्या खिशात प्रवचनाचे एकतीस कागद. सपाटीवर त्याने पाय क्षणभरही थांबवले नाहीत. कुणी पाहिलं तर? पाय चालू आहेत तोवर फ्रीव्हीलची टिकटिक होत नाही, एवढं त्याने हेरून ठेवलं होतं. कोल्डयेटचा चढ तो सायकलवरून उतरून, तिच्याच आधाराने चढला. माथ्यावर आला तेव्हा दोनला दहा कमी होते. प्रार्थना अडीचची. खाली मैलभर सरळ उतार, उताराच्या मध्यावर चॅपल, आणि तळाला 'तीन नाल' नावाचा गुत्ता.

माथ्यावर कोणी नव्हतं. मेंढ्या होत्या, पण त्या आमच्या पंथाच्या नव्हेत. इनॉक सायकलवर बसला आणि त्याने पाय थांबवले.

आधी त्याला काही कळलंच नाही. गुडघे काही बोलत नव्हते. मागे टिकटिक चालू होती आणि जमीन आपण होऊन मागे जात होती. हॉथॉर्नची कुंपणं पांढरी फुललेली होती. या वाटेने तो वीस वर्षं जात होता, पण ती कधी दिसली असतील तर त्याला आठवत नव्हतं. वर कुठेतरी चंडोल गात होता. आपल्या धापेपलीकडचं काही या वाटेवर इनॉकने पहिल्यांदाच ऐकलं. तो हसला. एकटाच, मोठ्याने, कडक कॉलरमध्ये. 'असं असतं होय हे!' एवढंच त्याच्या मनात आलं.

मग चॅपल दिसलं. ऊन छान पडलं होतं म्हणून सगळी मंडळी बाहेरच उभी होती, काळ्या कपड्यांत, पन्नासेक माणसं. वेग कमी करायला हवा होता. इनॉकने वीस वर्षांच्या सवयीने पायडल मागे रेटलं.

पायडल मागे गेलं. काही अडलं नाही, काही धरलं नाही. ते मजेत मागे फिरलं. त्याने अजून जोरात रेटलं, ते अजून मजेत फिरलं. इनॉक गिटिन्स चॅपलकडे वाऱ्यासारखा येत होता आणि दोन्ही पायांनी उलटं पायडल मारत होता. स्नेडहोपच्या मंडळींनी उपदेशकाच्या स्वागताला टोप्या काढल्या.

"नमस्कार, ब्रदर गि—" चॅपलचे कारभारी ओबेद बेडोज म्हणाले.

"थांबत नाहीये!" इनॉक ओरडला, आणि त्यांच्यासमोरून निघून गेला.

पन्नास माथी एकदम डावीकडून उजवीकडे वळली. नंतर ओबेद सांगायचे, की जाताना ब्रदर गिटिन्सनी टोपीला हात लावून सगळ्यांना नीट अभिवादन केलं. इनॉकला ते आठवत नव्हतं. त्याला 'तीन नाल'चं सताड उघडं फाटक आठवत होतं, अंगण आठवत होतं, अंगणातला घोड्यांचा पाण्याचा हौद आठवत होता. पुढचं चाक हौदाला धडकलं. सायकल तिथेच राहिली आणि इनॉक हौद ओलांडून शेणाच्या ढिगात गेला. एकतीस कागद मात्र नेमके हौदात पडले.

आता त्या अंगणात गर्दी का होती, तर वेल्समध्ये रविवारी दारूचा थेंब मिळायचा नाही, आणि आमच्याकडेही दुपारी गुत्ते बंद. पण तीन मैलांपलीकडून आलेल्या प्रवाशाची तहान भागवायला कायद्याने मुभा होती. म्हणून सीमेपलीकडची वीसपंचवीस मंडळी दर रविवारी प्रवासी व्हायची. ती सगळी हातातले पेले सांभाळत गोळा झाली. गुत्त्याची मालकीण मिसेस प्रोबर्ट पदर... नव्हे, एप्रन खोचत पुढे आली.

"जिवंत आहात का हो?"

"आहे."

"कुठून आलात?"

"पेनिवुड."

"किती मैल?"

इनॉक उभ्या आयुष्यात खोटं बोलला नव्हता. "नऊ," तो म्हणाला.

"प्रवासी!" मिसेस प्रोबर्टने आत हाक मारली. "एक पेला आणा गं इकडे!"

पेल्याला त्याने हात लावला नाही, पण गुडघा सोलवटला होता त्यावर तिने विचारायच्या आत ब्रँडी ओतली. त्यामुळे इनॉक अडीचला दोन मिनिटं कमी असताना टेकडी चढून चॅपलात शिरला तेव्हा त्याच्या अंगाला शेणाचा आणि ब्रँडीचा मिळून जो वास येत होता, तो त्या चॅपलाने आधी कधी घेतला नव्हता. पण तो वेळेवर होता. आधी भजन झालं, प्रार्थना झाली. मग तो उपदेशाला उभा राहिला आणि सवयीने हात आतल्या खिशात घातला. खिसा रिकामा होता.

बाकांवर कुणी हसत नव्हतं. हसू दाबलेली पन्नास माणसं कशी दिसतात ते त्याने पाहिलं, आणि लाज वाटून वाटून किती वाटणार, तसं त्याला एकदम हलकं वाटलं.

"फ्रीव्हील म्हणजे काय, हे मी दोन वर्षं तुम्हाला सांगत आलो," तो म्हणाला. "मला ते माहीत नव्हतं. परवा मी ते बसवून घेतलं, चोरून. गुडघे दुखतात म्हणून. ब्रेक लावला नाही, कारण तो तुम्हाला दिसला असता. म्हणजे आळस केला, वर ढोंग केलं, आणि ज्याला कळतं त्या माणसाला बोलू दिलं नाही. म्हणून मी शेणात गेलो. पण त्याच्याआधी, माथ्यापासून इथवर, मला फार मजा आली. खोटं कशाला सांगू? हॉथॉर्न फुललाय. चंडोल गातोय. हे रोजच असेल, मला कुणी सांगितलं नाही. सांगितलंही असेल. देवाने केलेल्या गोष्टी पाहायला कधीतरी पाय थांबवावे लागतात, एवढंच मला आज कळलंय. जास्त काही कळलेलं नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही."

आणि तो बसला. अडखळत, थांबत, सगळं मिळून अकरा मिनिटं झाली होती. ऑर्गन वाजवणारी बाई दचकली. इतक्या लवकर तिची पाळी कधी आलीच नव्हती.

प्रार्थना संपल्यावर ओबेद बेडोजनी मोडकी सायकल आपल्या दुधाच्या गाडीत चढवली, शेजारी इनॉकला बसवलं आणि घोडं हाकलं. माथ्यावर आल्यावर म्हणाले, "ते पत्र मीच लिहिलं होतं, ब्रदर गिटिन्स."

"तुमचं चुकलं नाही. दोनदा उशीर केला मी."

"उशीर?" ओबेदनी लगाम ओढला. "उशिराबद्दल कोण बोलतंय? अहो, तुम्ही उशिरा आलात की प्रवचन तेवढं कापलं जायचं, आम्ही देवाचे आभार मानायचो! चारला गायी दुभायच्या असतात, गायींना कुठे प्रवचन कळतंय? तुम्ही वेळेवर आलात की साडेचारला सुद्धा आमेन नाही. दुधाने तटतटलेल्या गायी तिकडे हंबरतायत, आम्ही इकडे. त्या पस्तीस मिनिटं उशिराच्या रविवारी आमची बायको म्हणाली, किती छान बोलले हो आज."

इनॉकचा गुडघा झोंबत होता, पण हे जास्त झोंबलं. इतक्या वर्षांत किती रविवार झाले, किती चॅपलं, किती गायी, ते त्याला मोजावंसं वाटेना.

"मी दुसरं पत्र लिहितो," ओबेद म्हणाले. "नाव ठेवा म्हणून. पण अकरा मिनिटं हं. बारावं मिनिट लागलं की मी पुन्हा शाई काढीन."

"लिहा," इनॉक म्हणाला. त्याला आणखी बरंच म्हणायचं होतं, पण ते त्याने गिळलं. ते घशातून खाली जायला पेनिवुड यावं लागलं.

घरी केझायाने चहाचं, म्हणजे संध्याकाळच्या जेवणाचं, मांडून ठेवलं होतं. थंड डुकराचं मांस, पाव, रुबार्बचा टार्ट. तिने नवऱ्याकडे पाहिलं, दारातल्या वाकड्या सायकलकडे पाहिलं, एकदा हवा हुंगली, आणि काही न विचारता गरम पाणी घेऊन आली. तो गुडघा धुता धुता सांगत गेला. सगळं सांगितलं, मागचं चाक, पुढचं शेण, मिसेस प्रोबर्ट, अकरा मिनिटं. सांगून झालं तेव्हा चहाही अजून गरम होता.

"आणि स्नेडहोपवाल्यांची तक्रार उशिराबद्दल नव्हतीच, केझाया."

"हो."

"लांबणीबद्दल होती."

"हो," केझाया म्हणाली आणि त्याच्यापुढे पाव सरकवला.

इनॉकने मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"अहो, पंचवीस वर्षं पुढच्या बाकावर बसतेय मी."

"मग एकदा तरी बोलायचंस मला!"

"कधी?" केझाया म्हणाली.

इनॉकने बशी बाजूला सारली, तिच्यासाठी समोरची खुर्ची ओढली आणि म्हणाला, "आता बोल."

केझायाने हात पुसले, खुर्चीत नीट बसली, क्षणभर कुठून धरावं याचा विचार केला, आणि लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली.